बांधापलीकडची ओल

धुरपदाबाईने पाचोळ्याचा थर बाजूला सारला, दोन बोटं मातीत खुपसली आणि तशीच उकिडवी बसून राहिली. माती ओली होती. नुसती ओलसर नव्हे. मुठीत दाबली तर लाडू वळावा अशी ओली.

वैशाखातली भर दुपार होती. चोपड्याकडच्या त्या गावात अशा वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण धुरपदाबाई जावेच्या, म्हणजे कुंदाच्या, केळीच्या बागेत चोरासारखी शिरली होती आणि तिच्या मते तिला चोर सापडला होता.

दोघा भावांची शेतं बांधाला बांध लागून होती आणि मधे विहीर एकच. तीन दिवस मोटर धुरपदाबाईच्या नवऱ्याच्या, थोरल्या गिरधरच्या शेताला, तीन दिवस कुंदाच्या नवऱ्याच्या, धाकट्या चुडामणच्या. कुंदाची पाळी संपून तीन दिवस झाले होते, आणि ही बांधालगतची ओळ तर पाळीतली पहिली. म्हणजे इथे पाणी येऊन सहा दिवस झाले. इकडे धुरपदाबाईच्या स्वतःच्या शेतात परवा पाणी दिलं, तर आज भेगेत बोट जात होतं. सहा दिवसांचं पाणी वैशाखात टिकतं का? टिकत नाही. मग हे पाणी कुठलं? आपल्या पाळीतलं. दुसरं कुठलं असणार?

तिला संताप आला आणि त्याच वेळी जिवाला मोठं बरंही वाटलं. तीन वर्षं ती या जावेत काहीतरी खोट शोधत होती. ती आज हाताला लागली होती, तीही ओली. तिने मूठभर माती पदराच्या टोकात बांधली, पाचोळा होता तसा नीट पसरला आणि घरची वाट धरली.

धुरपदाबाईचं हे असं पहिल्यापासून नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा दोन्ही शेतं एकच होती आणि गावात त्या शेताचं नाव होतं ते तिच्या हातामुळे. शेत कसं असावं, तर अंगणासारखं, हे तिचं ठाम मत. केळीचा घड कापला की खांब तोडून, पानं ओढून, सगळं डोक्यावर वाहून ती नाल्यात टाकायची. उरलासुरला कचरा गोळा करून काडी लावायची. बांधावरचे निंब-बाभळी तिनेच तोडायला लावले, कारण झाड पाणी पितं आणि वर सावलीही पाडतं. तिच्या दोन ओळींमधून जेवणाचं ताट ठेवावं अशी जमीन दिसायची. सासरे नथ्थूआबा पाहुण्यांना मुद्दाम शेतावर आणायचे आणि काठी रोखून म्हणायचे, "दखा. हाई मनी सूननं वावर शे." एवढं ऐकलं की धुरपदाबाईला रात्रीची भाकरी गोड लागायची.

मग कुंदा आली. धुळ्याकडची, सातवी शिकलेली, बारीक अंगाची. चुडामणला वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी लागली, तो तिकडेच खोली करून राहिला आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी यायला लागला. वाटण्या झाल्या आणि अर्धं शेत कुंदाच्या एकटीच्या अंगावर पडलं. पहिल्या साली तिला खांब वाहायला माणसं मिळाली नाहीत, म्हणून तिने ते तुकडे करून जागच्या जागी ओळींत टाकले, वर पानं अंथरली. धुरपदाबाई गालातल्या गालात हसली होती. आळशी बाईचं शेत, दुसरं काय!

पण दुसऱ्या साली माणसं मिळत असूनही कुंदाने तेच केलं. नांगर बंद केला. ओळींमधे ताग पेरला आणि फुलावर आला तसा कापून तिथेच आडवा पाडला. तिच्या बाजूच्या बांधावर तोडलेल्या निंबाच्या बुंध्याला एक फोक फुटला होता, तो तिने वाढू दिला. माहेराजवळच्या एका शिबिरात कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, की जमीन उघडी ठेवू नये, उघड्या जमिनीचा जीव जातो आणि हवाही त्यानेच तापते. गावाने नावं ठेवली. त्या शेताला लोक उकिरडा म्हणायचे.

आणि आता गेल्या वर्षापासून तोच उकिरडा बघायला बाहेरून जीप येत होती. पहूरकडचे चार शेतकरी येऊन माती रुमालात बांधून घेऊन गेले. तेही सोसलं असतं. पण नथ्थूआबांनी दुपारचं बसणं बदललं. गोणपाट काखेत मारून ते कुंदाच्या निंबाखाली जाऊन बसायला लागले, आणि आल्यागेल्याला काठी रोखून सांगायला लागले, "दखा. हाई मनी सूननं वावर शे." शब्द तेच, काठीही तीच, फक्त तिचं टोक दुसरीकडे वळलं होतं. धुरपदाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भाकरी थापताना, भांडी घासताना, देवापुढे वात लावतानासुद्धा तिला तो निंब दिसायचा. हेवा वाईट, हे तिलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असल्याने दात दुखायचा थांबतो का?

घरी आबा ओट्यावर पान कुटत बसले होते. गिरधर मोटरच्या पट्ट्याला गाठ मारत होता. शेजारच्या दारातून कुंदा सूप घेऊन बाहेर आली होती. धुरपदाबाईने सगळ्यांच्या मधोमध उभं राहून पदराची गाठ सोडली.

"आबा, दखा. हातना काकनले आरसा कसाले?"

"काय शे व?"

"तुमनी लाडकी सूनना वावरनी माती. सव दिन झायात पानी नही, तरी वल्ली शे. मनी पाळीनं पानी चोरस ती."

"हळू बोल," गिरधर म्हणाला. "लोके आयकतस."

"काब्र हळू बोलू? मी चोरी करेल शे का?"

कुंदाने सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा आधी हसायला आल्यासारखा झाला, मग उतरला.

"अक्का, ते मोटरनं पानी नही शे. मांघला पाळीनीच वल शे ती. वऱ्हे पाचोळा शे ना, म्हनीसन ऊन लागत नही."

"झाकीसन पानी ऱ्हास का व? मंग मी बी मना वावरवर गोधड्या टाकस!"

"गोधड्या नको. पाने टाका. तुम्ही त बठ्ठं नालामा फेकी देतस."

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, पण धुरपदाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काल आलेली पोर तिला शेती शिकवत होती, आणि तीही आबांसमोर.

"आबाना डोकावर हात ठेव," ती ओरडली. "ठेव हात अनी म्हन, पानी चोरं नही."

खानदेशात थोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. ठेवला असता तर विषय तिथेच मिटला असता. आबांनी तर बिचाऱ्यांनी डोक्यावरची टोपीही काढली. पण कुंदाने मान हलवली.

"मी नही ठेवस. आबानं डोकं काय मोटरनं बटन शे? माती मनी, त मातीलेच इचारा." ती आत गेली आणि मोटरच्या पेटीची आपल्याकडची दुसरी किल्ली घेऊन आली. "सकायपाईन मनी पाळी शे. ती बी तुम्हीच ल्या. आनखी सव दिन मना वावरमा पानीना थेंब नको. किल्ली तुमना जोडे ऱ्हाऊ द्या. मंग बठ्ठा मिळीसन दखू."

"केळीले घडे लागेल शेतस व माय," आबा घाबरून म्हणाले. "साल जाई तुनं."

"जाई ते जाई, आबा. चोर म्हनीसन ऱ्हावापेक्षा बरं."

गिरधरने बायकोकडे पाहिलं. आता तरी ही नको म्हणेल असं त्याला वाटलं असावं. धुरपदाबाईने किल्ली उचलली आणि कमरेला खोचली.

पुढचे दिवस तिने विहिरीवरच काढले. भाकर तिथेच, पाण्याची कळशी तिथेच. लाइट येईल तेव्हा मोटर लावायची, दीड तासात विहीर उपसली की बंद करायची. दोन्ही पाळ्यांचं पाणी आता तिच्या एकटीच्या शेतात जात होतं. जातही कसं होतं! भेगांमधून गटागटा खाली उतरायचं, संध्याकाळपर्यंत वरची माती पुन्हा पांढरी. सातपुड्याकडून येणारा वारा असा की धुतलेलं लुगडं दोरीवर टाकेपर्यंत सुकावं. तिच्या केळींची पानं कडेने करपत चालली होती आणि घड होते तेवढेच राहिले होते.

पाणी बंद होताच ती बांध ओलांडायची आणि कुंदाच्या त्याच ओळीत बोटं घालायची. पहिल्या दिवशी ओल होती. दुसऱ्या दिवशी होती. तिसऱ्या दिवशी जरा खोल जावं लागलं, पण होती. कुंदाची केळ दुपारी पानं मिटून घ्यायची आणि दिवस कलला की पुन्हा उघडायची. धुरपदाबाई रोज मनात म्हणायची, उद्या पडेल. उद्या नक्की पडेल. दुसऱ्याचं पीक पडावं म्हणून इतक्या आशेने वाट पाहणारी शेतकरीण आपल्यात आहे, हे तिला स्वतःला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याचं तोंड फोडलं असतं.

चौथ्या दिवशी तिने बोटांवर भागवलं नाही. विळ्याने पाचोळा कापून दोन हात जागा मोकळी केली. वरचा थर वाळका, त्याखालचा काळा आणि मऊ, त्याच्याखाली खांबांचे तुकडे कुजून पिठासारखे झालेले. त्यातून बारीक पांढरी मुळं वर आली होती. केळीची मुळं खाली जातात एवढंच तिला माहीत होतं. ही वर आली होती, खायला. दोन गांडुळं उजेडाने वळवळली आणि आत गेली. तिने हात घातला तो मनगटापर्यंत गार लागला.

तिला कळलं. बावीस वर्षं मातीत घातलेल्या हाताला दुसऱ्या कुणी समजावून सांगावं लागत नाही. चोरी झाली नव्हती. कुंदा खरं बोलत होती.

तिने तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कळणं एकटं येत नाही. खांब म्हणजे काय असतो? पाणीच की. कापला की धार लागते. ते गळकं ओझं डोक्यावर घेऊन ती नाल्याकडे जायची तेव्हा मानेवरून पाठीत पाणी उतरायचं, चिकाचे डाग पडून लुगडी काळी व्हायची आणि ते डाग कशाने म्हणून निघायचे नाहीत. तिची मान आता डावीकडे पुरती वळत नव्हती. ज्या कष्टांचं गावाने कौतुक केलं, जे आबांनी काठी रोखून दाखवले, ते कष्ट म्हणजे काय होते? भर उन्हात आपल्याच शेतातलं पाणी डोक्यावर वाहून ती नाल्यात ओतत आली होती. आणि ही परवाची पोर, जिला माणसं मिळाली नाहीत म्हणून, जिचा नवरा गावात नाही म्हणून, नुसती बसल्या जागी हुशार ठरली!

धुरपदाबाईला रडू यायला हवं होतं. तिला राग आला. असा राग की तिचे हात तिला विचारेनासे झाले. तिने बांधालगतच्या त्या ओळीवरचा पाचोळा ओढायला सुरुवात केली. पानं, ताग, कुजके खांब, सगळं कवेत घेतलं, डोक्यावर घेतलं आणि नाल्यात नेऊन टाकलं. एक खेप, दोन खेपा, दहा खेपा. दुपारचं तिकडे कुणी फिरकत नव्हतं. आबांना तीन दिवस उन्हाचा त्रास म्हणून गिरधरने घरीच बसवलं होतं. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन उघडी झाली. आणि सवय कशी असते पहा, शेवटी तिने निंबाचा डहाळा घेऊन ती जमीन झाडलीसुद्धा.

सहाव्या दिवशी सकाळी सगळे शेतावर गेले. आबा काठी टेकत पुढे, मागे गिरधर, कुंदा आणि सगळ्यांच्या मागे धुरपदाबाई. दोन रात्री तिचा डोळा लागला नव्हता.

कुंदाची बाग उभी होती. खालची पानं पिवळी पडली होती, काही घड बारीक राहणार होते, पण बाग उभी होती. फक्त बांधालगतची एक ओळ गेली होती. पानं देठातून मोडून खांबाला चिकटली होती, दोन खांब घडासकट वाकून जमिनीला टेकले होते. त्यांच्याखालची जमीन स्वच्छ होती आणि डहाळ्याचे फराटे तिच्यावर अजून दिसत होते.

"हाई एकच ओळ काब्र पडनी?" आबांनी विचारलं.

गिरधर त्या फराट्यांकडे बघत होता. अशी जमीन झाडणारं माणूस त्या पंचक्रोशीत एकच होतं आणि त्याच्याशी त्याने बावीस वर्षं संसार केला होता.

"मीच उघडी करी, आबा," कुंदा म्हणाली. "दखाले. झाकं नही त काय व्हस ते."

आबांनी मान डोलावली. त्यांना ते खरं वाटलं की वाटून घ्यायचं होतं, देव जाणे. धुरपदाबाईने मात्र जावेकडे पाहिलं आणि तिला आजवरच्या सगळ्या हेव्याहून मोठा हेवा वाटला. शेत चांगलं, बुद्धी चांगली, आणि आता मनाचा मोठेपणाही हिचाच! निदान स्वतःचं पाप तरी माझं मला ठेवू द्यायचं.

"खोटं बोलस ती," ती म्हणाली. "मी काढं. मना हातथीन." मग एक श्वास घेऊन बाकीचंही बोलून टाकलं. "अनी तिनी पानी बी चोरेल नही शे. माले दोन दिनपाईन मालूम व्हतं."

वारा पडला होता. लांब कुणाच्या तरी विहिरीवर मोटर चालू असल्याचा आवाज येत होता.

"काब्र, अक्का?" कुंदाने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. "मी तुमनं काय करं व्हतं?"

धुरपदाबाईला पुष्कळ सांगता आलं असतं. ती तोंड उघडून उभी राहिली आणि निघालं ते लहान पोराने सांगावं तेवढंच.

"आबा तुना वावरमा बठतस."

कमरेची किल्ली काढून तिने कुंदाच्या हातात दिली आणि ती घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपल्या शेतात करपलेली पानं कापत होती. पाहते तो आबा गोणपाट काखेत मारून येताहेत. ते कुंदाच्या बांधाकडे वळले नाहीत. सरळ तिच्या शेतात आले, एका केळीखाली गोणपाट अंथरलं आणि बसले.

"आज आठे बठस," ते म्हणाले. "वारा चांगला शे."

धुरपदाबाईचं काळीज भरून आलं. तिने कळशीतलं पाणी तांब्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवलं. कापलेली पानं तिने मुद्दाम त्यांच्या समोरच्या ओळीतून उचलली, लगबगीने, नव्या सुनेसारखी. वर्षभर ती याच दुपारची वाट पाहत होती. आबांनी काठी उचलून तिचं शेत न्याहाळलं आणि ते म्हणाले, "तुना हात ते तुनाच हात शे, माय."

ती हसली. मग तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. वहाणा काढून बसलेले आबा एक पाऊल जमिनीला टेकवत होते, उचलत होते, मग दुसरं टेकवत होते. मानेवरून घामाची धार सदऱ्यात उतरत होती. करपलेल्या पानाची सावली त्यांच्या एका खांद्यापुरतीच होती. ते समोर बघत होते, आणि ओठ कोरडे पडलेले असूनही चेहरा प्रसन्न ठेवायची त्यांची धडपड चालली होती.

धुरपदाबाई विळा टाकून त्यांच्यापाशी आली.

"उठा, आबा."

"बरं शे आठे."

"नही शे बरं. उठा."

तिने त्यांच्या पायांत वहाणा सरकवल्या, एका हाताने गोणपाट उचललं, दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरला. दोघं वाळल्या ओळीतून बांध ओलांडून पलीकडे गेले. कुंदा दुसऱ्या टोकाला दारं धरत होती. तिच्या पाळीचं पाणी ओळीत शिरत होतं. तिने पाहिलं आणि खाली मान घालून माती ओढत राहिली. धुरपदाबाईने निंबाखाली गोणपाट दुहेरी करून अंथरलं, आबांना बसवलं आणि तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला.

आबांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग त्यांना एकदम लाजल्यासारखं झालं.

"तू बी बठ ना जराखी," ते म्हणाले.

"माले काम शे," ती म्हणाली.

आणि ती बांध ओलांडून आपल्या झाडूनपुसून काढलेल्या शेतात परत आली. काम तसं काहीच उरलं नव्हतं. चार पावलं इकडे, चार तिकडे करून पाहिली, पण त्या एवढ्या मोठ्या शेतात कुठे बसावं ते तिला बराच वेळ सुचलं नाही.